जॅझसाठी सॉलिड बॉडी गिटार कशी निवडावी

जॅझ गिटार म्हटलं की मोठ्या पोकळ पेटीची, पोटावर एफच्या आकाराची भोकं असलेली आर्चटॉप डोळ्यांसमोर येते. गिब्सनची एल-५ किंवा ईएस-१७५. या गिटारी देखण्या असतात आणि आवाजही त्याच तोलाचा. पण नवख्याच्या खिशाला त्या झेपत नाहीत, आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत हाताळायलाही मिळत नाहीत, आणि ड्रमरच्या शेजारी बसून आवाज वाढवला की घुमायला लागतात. त्यात कोरीव लाकडाची आर्चटॉप हवेला फार हळवी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तिची उस्तवार करणं हे वेगळंच काम होऊन बसतं. म्हणून सॉलिड बॉडीकडे, म्हणजे पोकळ पेटी नसलेल्या, भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारकडे नजर जाते. "माझ्याकडे (फेंडरची) टेलिकास्टर आहे, त्यावर जॅझ वाजेल का?" किंवा "(गिब्सनची) लेस पॉल घेतली तर चालेल का?" असं बरेच जण विचारतात.

वाजेल आणि चालेलही. फक्त निवडताना नजर योग्य ठिकाणी हवी. जॅझचा तो गोल, भरलेला आवाज नेक पिकअप (तारांची कंपनं पकडणारा, मानेजवळचा चुंबकीय भाग), तारा आणि अॅम्प या तिघांतून येतो. लाकूड कुठलं, रंग कुठला, हेडस्टॉकवर नाव कुणाचं, हे सगळं त्यानंतर. पुढचा सगळा लेख याच क्रमाने लिहिला आहे आणि खरेदीही याच क्रमाने करावी असं माझं मत आहे.

आधी कान ठरवा

दुकानात जाण्याआधी आठवडाभर नुसतं ऐका. सॉलिड बॉडीवर जॅझ वाजवणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. टोरांटोचा एड बिकर्ट आयुष्याचा मोठा काळ टेलिकास्टरवर वाजवत राहिला. पुढे त्याने तिच्या नेक पिकअपच्या जागी हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, बसवून घेतला. सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंडला बिकर्टचं नाव गिटारवादक जिम हॉलने सुचवलं होतं. १९७०च्या दशकाच्या मध्यात डेस्मंडबरोबर झालेली बिकर्टची रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकली तर ही भरीव फळीची गिटार आहे यावर विश्वास बसत नाही. टेड ग्रीनचा १९७७ सालचा एकल गिटारचा अल्बमही टेलिकास्टरवरचाच. जो पासने १९६२ साली पहिलं नाव कमावलं ते फेंडर जॅझमास्टरवर. ईएस-१७५ त्याच्या हाती नंतर आली, तीही एका चाहत्याने भेट दिली म्हणून. आणि लेस पॉल हे गिटारचं नाव ज्या माणसावरून पडलं तो स्वतः जॅझ वाजवणारा. २००९ साली वारला, त्या वर्षापर्यंत न्यूयॉर्कमध्ये दर सोमवारी त्याचा कार्यक्रम असायचा.

ऐकताना स्वतःला एक प्रश्न विचारा: मला यातला कुठला आवाज हवा आहे? बिकर्टसारखा मऊ आणि गडद? बिल फ्रिझेल किंवा ज्युलियन लाझसारखा मोकळा, जिथे प्रत्येक सुराची कड ऐकू येते? की माइक स्टर्नसारखा लांबत जाणारा, फ्यूजनकडे, म्हणजे जॅझ-रॉकच्या मिश्रणाकडे, झुकणारा? तिन्ही सॉलिड बॉडीवर मिळतात, पण तिन्हींसाठी खरेदी वेगळी. पहिल्यासाठी हमबकर आणि जाड तारा, दुसऱ्यासाठी सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप), तिसऱ्यासाठी तारा जरा हलक्या असल्या तरी बिघडत नाही. हे न ठरवता दुकानात गेलात तर सेल्समन तुम्हाला हेवी मेटलची गिटार विकेल आणि ती "सगळ्यासाठी चालते" असंही सांगेल.

नावाला भुलू नका, हेही सांगून ठेवतो. फेंडरने १९५८ साली जॅझमास्टर काढली ती जॅझवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून. रुंद, चपटे पिकअप, गडद आवाजासाठी वेगळं सर्किट, बसून वाजवायला सोयीचा तिरका आकार. जॅझवाल्यांनी ती फारशी उचलली नाही. कॅलिफोर्नियातल्या सर्फ बँडांनी उचलली, पुढे इंडी रॉकवाल्यांनी. गिटार म्हणून ती आजही जॅझला छान आहे, पण नावात जॅझ आहे म्हणून घेऊ नका.

नेक पिकअप: इथे वेळ घालवा

जॅझमध्ये नव्वद टक्के काम नेक पिकअपवर होतं. तार ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) आखडलेली असते आणि मधल्या भागाकडे मोकळेपणी हलते. नेकजवळच्या पिकअपला तारेचा हा मोकळा भाग मिळतो, म्हणून मूळ सूर भरभक्कम येतो आणि वरची किणकिण कमी होते. त्यामुळे पिकअप ब्रिजपासून जितका लांब, तितका आवाज गोल.

यातून खरेदीचा एक सरळ नियम निघतो: २१ किंवा २२ फ्रेटची गिटार घ्या. २४ फ्रेटच्या गिटारमध्ये वाढीव फ्रेटना जागा द्यायला नेक पिकअप ब्रिजच्या दिशेने सरकतो आणि आवाजातला गोलवा थोडा जातो. वाजवता येणार नाही असं नाही, पण २४व्या फ्रेटवर तुम्ही जॅझमध्ये कितीदा जाणार आहात?

आता पिकअपचे प्रकार. हमबकरमध्ये दोन कॉइल असतात, त्यामुळे विजेची गुणगुण जवळजवळ नाहीशी होते आणि आवाज जाडसर येतो. गिब्सनच्या सेथ लव्हरने तो १९५५च्या सुमारास तयार केला आणि १९५७पासून तो गिटारींवर दिसू लागला. जॅझसाठी हमबकर कमी ताकदीचा हवा. बॉक्सवर "हाय आउटपुट" लिहिलेलं असेल तर तो बाजूला ठेवा. त्यात बोटांचा हलकेपणा आणि जोर यातला फरक पुसला जातो. रेझिस्टन्सचा आकडा दिलेला असेल तर साधारण ७ ते ८.५ किलोओहम हा सुरक्षित पट्टा. आकडा म्हणजे आवाज नव्हे, पण १४-१५ दिसला तर तो पिकअप आपल्यासाठी नाही एवढं कळतं.

पी-९० हा एकाच कॉइलचा, पण रुंद. माझ्या मते जॅझसाठी सगळ्यात दुर्लक्षित पर्याय हाच. हमबकरपेक्षा स्पष्ट, फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या, म्हणजे स्ट्रॅटच्या, पिकअपपेक्षा भरलेला. १९५०च्या दशकातल्या कितीतरी पोकळ जॅझ गिटारींवर हाच पिकअप होता, त्यामुळे तो जुना आवाज कानाला लगेच ओळखीचा वाटतो.

टेलिकास्टरचा मूळ नेक पिकअप छोटा असतो आणि त्यावर धातूचं कव्हर असतं. ते कव्हर वरची धार थोडी बोथट करतं. गंमत म्हणजे १९५२ पासून १९६७ पर्यंतच्या टेलिकास्टरमध्ये स्विच नेककडे टाकला की एक कपॅसिटर मध्ये यायचा आणि आवाज इतका गडद व्हायचा की टोन नॉबचा उपयोगच उरत नसे. म्हणजे त्या गिटारच्या जन्मापासून तिच्यात एक अंधारा आवाज मुद्दाम ठेवलेला होता. आजच्या टेलिकास्टरमध्ये ते सर्किट नसतं, टोन नॉब खाली आणून तोच परिणाम साधतो.

स्ट्रॅटचा नेक पिकअप वाईट नाही, पण त्यात एक काचेसारखी चमक असते. ती काढायला टोन नॉब बराच खाली आणावा लागतो. स्ट्रॅट आधीच घरात असेल तर नवी घेऊ नका, तिच्यावरच पुढचे सगळे उपाय करा. नव्याने घ्यायची असेल तर मी स्ट्रॅट तिसऱ्या क्रमांकावर ठेवेन.

सिंगल कॉइलची एक अडचण आपल्या घरांत जास्त जाणवते: गुणगुण. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर चालू असेल तर अॅम्पमधून बारीक करकर येत राहते. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसेल तर आणखी भर. पंखा पूर्ण वेगावर ठेवून किंवा बंद करून बघा, खुर्ची थोडी फिरवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच निम्मी गुणगुण जाते. नाहीच गेली आणि रोज त्याच खोलीत वाजवायचं असेल, तर हमबकर घ्या आणि सुखाने राहा.

अंग, मान, वजन

लाकडावर मी फार बोलणार नाही. अल्डर की अॅश की बासवुड, यावर माणसं रात्र रात्र वाद घालतात. जाड फ्लॅटवाउंड (चपट्या गुंडाळीच्या, गुळगुळीत) तारा लावून टोन नॉब निम्म्यावर आणल्यावर त्यातला फरक ओळखणारा कान मला अजून भेटलेला नाही. वजनाकडे मात्र बघा. बरी टेलिकास्टर साधारण सव्वातीन ते साडेतीन किलोची असते, लेस पॉल चार किलोच्या पुढे सहज जाते. जॅझवाले तासन् तास बसून वाजवतात, त्यामुळे खांद्यापेक्षा मांडीवर ती कशी बसते ते महत्त्वाचं. टेलिकास्टरच्या धारदार कडा कोपराखाली आणि बरगडीला टोचतात. कुणाला दोन दिवसांत सवय होते, कुणाला कधीच नाही. गिब्सनची एसजी हलकी असते, पण पट्टा लावून उभं राहिलं की तिची मान खाली झुकते आणि डावा हात कॉर्ड धरायचा सोडून मान सावरत बसतो.

तारेची लांबी दोन मापांत येते. फेंडर पद्धतीची ६४८ मिलिमीटर, गिब्सन पद्धतीची सुमारे ६२८. लहान मापावर तीच तार जरा सैल लागते आणि फ्रेट किंचित जवळ येतात. बोटं लहान असतील आणि लांब ताणाच्या कॉर्ड धरायच्या असतील, तर लहान मापावर जाड तारा लावणं सोपं जातं. नटवर (मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीवर) मानेची रुंदी बहुधा ४२ ते ४३ मिलिमीटर असते. त्याहून अरुंद असेल तर बोटं एकमेकांत अडकतात.

दुकानात काय करायचं

स्वतःचं प्लेक्ट्रम बरोबर न्या. धोबीतलावला जा नाहीतर पुण्यातल्या दुकानात, अॅम्प क्लीन चॅनेलवर लावायला सांगा आणि रिव्हर्ब, डिले, बाकी सगळी सजावट बंद करा. सेल्समन डिस्टॉर्शन लावून देईल. नम्रपणे नको म्हणा.

नेक पिकअप, व्हॉल्यूम आठवर, टोन पाचवर. मग हे तीन कॉर्ड वाजवा. डी मायनर सेव्हन: पाचव्या तारेचा पाचवा फ्रेट, चौथीचा तिसरा, तिसरीचा पाचवा. जी सेव्हन: सहावीचा तिसरा, चौथीचा तिसरा, तिसरीचा चौथा. सी मेजर सेव्हन: पाचवीचा तिसरा, चौथीचा दुसरा, तिसरीचा चौथा. प्रत्येकात तीनच सूर, बाकीच्या तारा बोटांनी दाबून गप्प. हे कॉर्ड मधल्या आणि खालच्या पट्टीत असल्याने वाईट पिकअप इथे लगेच उघडा पडतो. जी सेव्हनमधले एफ आणि बी हे दोन सूर वेगवेगळे ऐकू येतात का ते नीट ऐका. दोन्हींचा मिळून एक गोळा होत असेल तर तो पिकअप बसक्या आवाजाचा आहे. स्पष्ट ऐकू येतात पण कानाला टोचतात, तर टोन तीनवर आणा आणि पुन्हा ऐका.

टोन नॉब दहापासून शून्यापर्यंत सावकाश फिरवा. काही स्वस्त गिटारींमध्ये दहा ते दोनपर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम आवाज कोंदट होतो. जॅझला या नॉबची मधली जागा रोज लागते, त्यामुळे तो हळूहळू उतरणारा हवा. तसंच व्हॉल्यूम सहावर आणल्यावर आवाज मरतो का, तेही बघा.

मग बाराव्या फ्रेटवर तार दाबून आणि तिथलाच हार्मोनिक वाजवून ट्यूनरवर ताडून पाहा. थोडा फरक सेटअपमध्ये, म्हणजे गिटारची मापं जुळवताना, जातो. पण पाचव्या-सहाव्या फ्रेटवर कॉर्ड धरल्यावर सूर उघड उघड बेसूर वाटत असतील तर ती गिटार परत ठेवा. जॅझमध्ये चार-पाच सुरांचे कॉर्ड दाटीने येतात, तिथे जरासं बेसूरपणही कान खातो.

शेवटी अॅम्प बंद करून तीच गिटार कोरडी वाजवा. एखादा सूर मध्येच गुदमरतो का? मान वाकडी नाही ना? बारा-पंधरा फ्रेटवर तार फ्रेटला घासते का? हे अॅम्पच्या आवाजात लपतं.

मॉडेलची नावं हवीच असतील तर माझी यादी छोटी आहे. कमी बजेटमध्ये स्क्वायरच्या क्लासिक व्हाइब मालिकेतली टेलिकास्टर. हमबकर हवा असेल तर एपिफोनची लेस पॉल, किंवा नेकला हमबकर असलेली टेलिकास्टर. फेंडरने असं मॉडेल १९७२ सालीच काढलं होतं आणि त्या धर्तीच्या गिटारी आजही निघतात. यामाहाच्या पॅसिफिका ६११ वर नेकला पी-९० मिळतो. तो कुठे मिळाला तर आधी हाच वाजवून बघा.

तारा बदला, मग मत बनवा

दुकानातल्या गिटारवर ९ किंवा १० च्या (हा आकडा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत) चकचकीत राउंडवाउंड, म्हणजे गोल गुंडाळीच्या, तारा असतात. त्यावर जॅझचा अंदाज येत नाही. घरी आणल्यावर पहिला खर्च तारांवर करा: ११ पासून सुरू होणारा फ्लॅटवाउंड संच. डॅडारिओचा क्रोम्स ११-५० सहज मागवता येतो. ऑस्ट्रियाचा थॉमास्टिक महाग, पण फार गोड. फ्लॅटवाउंडवरून बोट सरकताना चिरचिर होत नाही, सूर ठोक्याने सुरू होतो आणि लवकर ओसरतो. सॉलिड बॉडीची मूळ सवय सूर लांबवत ठेवण्याची. वेगाने कॉर्ड बदलताना मागचा सूर पुढच्यात सांडतो. जाड फ्लॅटवाउंड तारा ही सवय बरीचशी मोडतात. उरलेलं काम डाव्या हाताचं: कॉर्ड वाजला की बोटांचा दाब सोडायचा, तारेवरून बोट उचलायचं नाही.

तिसरी तार गुंडाळीची आहे ना, ते बघून संच घ्या. साधी जाड तिसरी तार वरच्या फ्रेटवर तीव्र होते. जुन्या तीन सॅडलच्या (सॅडल म्हणजे ब्रिजवर तार ज्यावर टेकते तो सरकता तुकडा) टेलिकास्टर ब्रिजवर हा त्रास जास्त, कारण तिसरी आणि चौथी तार एकाच सॅडलवर बसते. तो ब्रिज निघाला त्या काळात तिसरी तार गुंडाळीचीच येत असे. म्हणून गुंडाळीची लावली की तक्रारी आपोआप कमी होतात.

पण तारा जाड केल्या की सेटअपही करावा लागतो. नटच्या खाचा रुंद कराव्या लागतील, नाहीतर तार अडकते आणि ट्यूनिंग करताना टिक-टिक आवाज करत उड्या मारते. मानेवर ताण वाढतो, त्यासाठी ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवायचा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यात पाव मिलिमीटरची फट राहिली की पुरे. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची सहावीकडे २ आणि पहिलीकडे दीड-पावणेदोन मिलिमीटर ठेवा. जॅझला अगदी चिकटलेल्या तारा नकोत, सूर पातळ होतो. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा वर जात असेल तर सॅडल मागे न्या. स्ट्रॅट असेल तर जाड तारांनी ब्रिज पुढे उचलला जातो. मागे स्प्रिंग वाढवा किंवा लाकडी तुकडा ठोकून तो कायमचा गप्प करा.

पिकअपची उंचीही बघा. शेवटचा फ्रेट दाबून सिंगल कॉइलचं अंतर जाड तारेखाली सुमारे २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर, इथून सुरुवात. नेक पिकअपची जाड तारांची बाजू आणखी थोडी खाली नेली की बेस फुगायचा थांबतो. एका स्क्रू ड्रायव्हरचं हे काम, पण पिकअप बदलण्याआधी हे करून पाहिलं तर अनेकदा पैसे वाचतात. टेलिकास्टरच्या नेकला पूर्ण आकाराचा हमबकर बसवायचा तर पिकगार्ड कापावं लागतं, बहुतेक वेळा लाकूडही कोरावं लागतं आणि गिटारची पुनर्विक्रीची किंमत पडते. तेव्हा वर्षभर आहे तसाच वाजवा.

अॅम्पसाठी पैसे राखून ठेवा

एकूण बजेटचा निम्मा भाग गिटारवर, उरलेल्यात अॅम्प, तारा आणि सेटअप. पाच-सहा इंची स्पीकरच्या सरावाच्या अॅम्पवर कुठलीही गिटार पत्र्यासारखी वाजते. दहा किंवा बारा इंचाचा स्पीकर हवा. ट्यूब अॅम्पच पाहिजे असं काही नाही. रोलंडचा जॅझ कोरस १९७५ पासून चालत आला आहे, तो पूर्ण ट्रान्झिस्टरचा. ट्रेबल तीन-चार, मधला पट्टा सहा, बेस चार, ब्राइट स्विच बंद. बेस वाढवून आवाज गोल होत नाही, गढूळ होतो. गोलवा मधल्या पट्ट्यातून येतो.

जुनी घेताना

सेकंडहँड सॉलिड बॉडी हा जॅझसाठी चांगला सौदा असतो, कारण बहुतेकांनी ती रॉकसाठी घेतलेली असते आणि वरच्या फ्रेटना हातही लागलेला नसतो. पहिल्या पाच फ्रेटवर बारीक तारांखाली खाचा पडल्यात का, ते बोट फिरवून बघा. खोल असतील तर फ्रेट बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करा. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने ती बहुधा जाते. ट्रस रॉड मात्र विकणाऱ्यासमोर पाव फेरा फिरवून बघा. जागचा हलत नसेल तर गिटार घेऊ नका. समुद्राकाठच्या घरातली गिटार असेल तर सॅडलचे छोटे स्क्रू गंजून बसलेले असतात. बरोबर अॅलन की न्या आणि सहाच्या सहा तारांची उंची खाली-वर होते का ते तिथेच तपासा. एखादा स्क्रू अडला तर तेल घालून घरी फिरवू असं ठरवू नका; त्याचं डोकं झिजलेलं असेल तर पूर्ण सॅडलच बदलावं लागतं.